तुकडीचा म्होरक्या: पुढे की मागे?

विज्ञानकथेच्या जगात घडणाऱ्या लढाऊ व्हिडिओ गेममध्ये तुकडी कशी चालवावी, हा वाद तीस वर्षांहून जुना आहे. त्याचा आढावा हेमलकशात बसून घेण्यात एक गैरसोय आहे आणि एक सोय. गैरसोय सांगायला नको. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की पूल पाण्याखाली जातो, भामरागड पलीकडे अडकतं आणि मोबाइलची रेंज आकाशाच्या मर्जीवर राहते. सोय अशी, की म्होरक्याचा आवाज ऐन चकमकीत तुटला तर बाकीच्यांनी काय करायचं, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या खेळाडूला पुस्तकी वाटेल, इथे तो वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. भामरागड तालुक्यात सशस्त्र तुकड्यांची गाठ पडणं कित्येक दशकं खेळाचा विषय नव्हतं. या लेखात पडद्यावरच्या लढाईबद्दल बोलायचं आहे. खऱ्या पथकांचा उल्लेख एकदाच, जिथे टाळता येत नाही तिथे, येईल.

वादाची सुरुवात

पहिल्या पिढीत म्होरक्या मैदानात नव्हताच. ज्यूलियन गोलॉप या ब्रिटिश रचनाकाराचा ‘लेझर स्क्वाड’ 1988 चा, आणि त्याचाच पुढे गाजलेला ‘यूएफओ: एनिमी अननोन’ 1994 चा. दोन्हींत खेळाडू वरून पाहतो, आपल्या प्रत्येक सैनिकाला आळीपाळीनं हलवतो आणि मग शत्रूची पाळी येते. घाई नाही. चूक झाली तर ती विचाराची चूक, हाताची नव्हे. पण ‘यूएफओ’त गोलॉपनं एक खोच ठेवली होती. सैनिकांना हुद्दे होते, आणि वरच्या हुद्द्याचा माणूस पडला की सगळ्या तुकडीचं मनोधैर्य जास्त खचायचं. घाबरलेला सैनिक शस्त्र टाकून पळायचा, नाहीतर सैरावैरा गोळ्या झाडायचा. खेळाडूंनी यातून काढलेला निष्कर्ष क्रूर होता, पण गणिताला धरून होता: नवखे पुढे, कमांडर यानाच्या दाराशी.

मराठी वाचकाला हे नवीन वाटू नये. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. जयंत नारळीकरांची एक विज्ञानकथा नेमकी याच गोळीवर उभी आहे. तिथे ती विश्वासरावांना लागत नाही आणि इतिहासाला दुसरी वाट फुटते. मराठी विज्ञानकथा रणांगणावर फारशी रमली नाही, प्रयोगशाळेत आणि दिवाणखान्यातच जास्त वावरली. तरी या एका कथेत आपल्या विषयाचं बीज आहे: म्होरक्यानं किती पुढे असावं?

अमेरिकी ‘हेलो’नं 2001 मध्ये हाच प्रश्न उलटा करून खेळाडूच्या हाती दिला. तिथे शत्रूच्या टोळीत बुटक्या ‘ग्रंट’ शिपायांवर एक उंच ‘एलिट’ असतो. आधी त्याला पाडलं की ग्रंट हात वर करून ओरडत पळत सुटतात. स्वतःचा म्होरक्या जपावा कसा, याऐवजी समोरच्याचा ओळखावा कसा, हे त्या गेमनं एका पिढीला शिकवलं.

मग 2005 साली ‘स्टार वॉर्स: रिपब्लिक कमांडो’ आला आणि म्होरक्या खरोखर तुकडीत उतरला. चौघांची डेल्टा तुकडी. खेळाडू म्हणजे तिचा प्रमुख ‘बॉस’, बाकीचे तिघं, फिक्सर, स्कॉर्च आणि सेव्ह, संगणकाच्या हातात. या गेमचं खरं कसब हुकूम देण्याच्या पद्धतीत होतं. दाराकडे पाहून बटण दाबलं की ते उडवण्याची तयारी होते, आडोशाकडे पाहून दाबलं की तिथे नेमबाज बसतो, शत्रूकडे पाहून दाबलं की सगळे त्याच्यावर तुटून पडतात. कुठे पाहतोस यावरून काय हवं ते तुकडीला कळायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॉस जखमी होऊन पडला तरी खेळ संपत नसे. पडल्या जागेवरून तो सोबत्याला ‘मला उचल’ म्हणू शके. पानिपतच्या रिकाम्या अंबारीवर चौऱ्याण्णवच्या पिढीतल्या रणखेळांनी कधी न शोधलेला तोडगा इथे एका बटणात बसला होता.

त्यानंतरची वाट थोडक्यात. ‘मास इफेक्ट’नं 2007 मध्ये लढाई थांबवून दोन सोबत्यांना हुकूम द्यायची मुभा दिली. ‘एक्सकॉम’ 2012 मध्ये गोलॉपच्या जुन्या रचनेला नवं रूप घेऊन आला. आणि या सगळ्याला समांतर, संगणकाच्या सोबत्यांची जागा हाडामासाची माणसं घेऊ लागली: 2014 चा ‘डेस्टिनी’, 2019 चा ‘एपेक्स लेजंड्स’, फेब्रुवारी 2024 चा ‘हेलडायव्हर्स 2’. आपल्याकडे पबजी मोबाइल आणि पुढे बीजीएमआयनं चौघांची तुकडी घराघरांत नेली. हे गेम विज्ञानकथेतले नव्हेत, पण ‘आयजीएल’, म्हणजे खेळता खेळता तुकडी चालवणारा, ही संज्ञा मराठी पोरांच्या तोंडी बसली ती त्यांच्यामुळे. विज्ञानकथेतलं आपलं उदाहरण पुण्याचं आहे. सुपरगेमिंग या कंपनीचा ‘इंडस’ ऑक्टोबर 2024 मध्ये आला. त्याकडे पुढे येऊ.

ज्यावर वाद नाही

मतभेदांपूर्वी सगळ्यांना मान्य असलेला भाग पाहू. तो लहान आहे, पण भक्कम आहे.

पहिली गोष्ट, मारा एकवटणं. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यानं पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेला वर्गाचा नियम इथे लागू पडतो. दोन्ही बाजूंचे नेमबाज सारखेच असतील आणि प्रत्येकाला प्रत्येकावर मारा करता येत असेल, तर बाजूची ताकद संख्येच्या नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चार विरुद्ध तीन ही लढत ऐकायला जवळची वाटते. पण सोळातून नऊ गेले, सात उरले, आणि सातचं वर्गमूळ सुमारे 2.6. म्हणजे तिघांचा फडशा पाडून चौघांतले सरासरी अडीचहून जास्त जण उभे राहतात. चकमकीच्या पहिल्या दोन सेकंदांत एकाला पाडायचा आटापिटा यासाठीच.

याच सूत्राची दुसरी बाजू म्होरक्याच्या जास्त कामाची आहे. समोर चौघंच आहेत, पण ते दोन-दोन करून भेटतील अशी वेळ साधली तर? पहिल्या जोडीनंतर सोळातून चार जाऊन बारा, दुसरीनंतर आणखी चार जाऊन आठ. वर्गमूळ सुमारे 2.8. बरोबरीची लढत होती, ती केवळ समोरच्यांची फाटाफूट झाल्यामुळे एकतर्फी झाली. कोणाचीही नेमबाजी सुधारली नाही.

मात्र नियमाची अट विसरली की फसगत होते. सगळ्यांना सगळे दिसायला हवेत. अरुंद बोळात किंवा दारात एकावेळी एकच जण समोर येतो, तिथे वर्ग गळून पडतो आणि साधी संख्या उरते. 1993 च्या ‘स्पेस हल्क’ गेममध्ये अवजड चिलखतातले मोजके सैनिक भंगार अंतराळयानाच्या बोळांतून चालतात आणि परजीवांच्या झुंडी त्यांच्यावर येतात. तिथे जिवंत राहण्याचा मार्ग एकच, मोकळ्या दालनात जायचं नाही. थोड्यांनी बोळ निवडावा, पुष्कळांनी मैदान. विज्ञानकथेतल्या गेममध्ये याला जास्तच धार येते, कारण तिथली शत्रूची जात अनेकदा झुंडीनंच येते आणि जागा अनेकदा यानाच्या आतली असते.

दुसरी गोष्ट, एकानं मारा करायचा आणि दुसऱ्यानं सरकायचं. माऱ्याखाली दबलेला शत्रू मान वर काढत नाही, तेवढ्यात दुसरी जोडी बगलेला जाते. 2004 चा ‘फुल स्पेक्ट्रम वॉरियर’ विज्ञानकथेतला नाही, पण त्याचा उल्लेख हवाच, कारण त्यात खेळाडूला स्वतः गोळी झाडताच येत नाही. दोन गटांना फक्त हुकूम द्यायचे. मारा आणि हालचाल यांच्या फोडीशिवाय त्यात दुसरं काही नाही, आणि तरीही तो अवघड आहे.

पहिला पक्ष: हुकूम एकाचाच

या पक्षाचं म्हणणं असं. चकमक काही सेकंदांची असते, तेवढ्यात चर्चा होत नाही. चौघांनी चार चांगले निर्णय घेतले तर तुकडी फुटते. चौघांनी मिळून एकच मध्यम प्रतीचा निर्णय पाळला तर निदान मारा एकवटतो. लँचेस्टरचं गणित या पक्षाच्या बाजूनं आहे, हे मान्य करावं लागतं. स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या तुकड्या एका आवाजावर चालतात त्या याच हिशोबानं.

आवाज कोणाचा, यावर याच पक्षात दोन तट आहेत. एक म्हणतो, सर्वांत चांगला नेमबाज म्होरक्या असावा, कारण झटापट कुठे जिंकता येईल हे त्यालाच कळतं. दुसरा म्हणतो, नेमकं त्यालाच या कामातून मोकळं ठेवा. नकाशा पाहणं आणि नेम धरणं या दोन्हींना एकच डोळे लागतात. दुसऱ्या तटाचं म्हणणं मला जास्त पटतं, पण पहिल्या तटाकडे एक खरं उत्तर आहे: मागे राहून नकाशा पाहणाऱ्याला पुढच्या आडोशामागून काय दिसतं ते ठाऊक नसतं, आणि त्याचा हुकूम दोन श्वास शिळा असतो.

दुसरा पक्ष: कामं वाटा, मग सोडून द्या

कबड्डीत चढाई करणारा आत आला की कोपरारक्षकाला कोणी ‘पाय धर’ सांगत बसत नाही. तो झेपावतो, आणि मध्यरक्षक साखळी तोडून वर कोसळतो. सांगण्याचं काम सरावाच्या मैदानावर आधीच उरकलेलं असतं. दुसऱ्या पक्षाची भूमिका साधारण ही.

‘डेस्टिनी’च्या पहिल्या मोठ्या मोहिमेचा, ‘व्हॉल्ट ऑफ ग्लास’चा, शेवट या पक्षाचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. सहा जणांची तुकडी ‘ॲथिऑन’ नावाच्या यंत्राशी लढते, आणि मध्येच ते त्यातल्या तिघांना दुसऱ्याच काळात फेकून देतो. बाहेर राहिलेल्यांनी योग्य दार उघडून द्यायचं, आत गेलेल्यांपैकी एकानं ढालीसारखं शस्त्र उचलून बाकीच्यांना जपायचं. पुढे गेममध्ये बदल झाला आणि कोण तिघं जाणार हे आधी कळेनासं झालं. ठरलेल्या एकाच म्होरक्यावर चालणारी तुकडी इथे कोलमडते, कारण तो बाहेर राहिला तर आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. ज्या तुकडीत प्रत्येकाला प्रत्येक काम येतं ती पार होते.

‘हेलडायव्हर्स 2’मध्ये वेगळी गंमत आहे. तिथे आपल्या गोळीनं आपलाच सोबती मरतो, आणि ही सोय बंद करता येत नाही. वरून तोफमारा मागवायचा तर बाणांची कळ जुळवावी लागते, आणि तो पडतो तेव्हा शत्रू-मित्र पाहत नाही. त्यामुळे तिथला उपयोगी हुकूम बहुतेक वेळा ‘इकडे मारा’ हा नसतो. ‘मी इथे मारतोय, बाजूला व्हा’ हा असतो. प्रत्येकजण आपापल्या कृतीची वर्दी देतो आणि म्होरक्या असा कोणी उरत नाही. नेतृत्वाच्या जागी माहिती आली, असं दुसरा पक्ष म्हणतो. पहिला पक्ष म्हणतो, मग चार वर्द्या एकदम आल्यावर कोणती ऐकायची? यावर पक्कं उत्तर कोणाकडे नाही.

संगणकाचे सोबती

संगणकाच्या सोबत्यांची तक्रार सगळ्यांची सारखीच असते: सांगितलं तेवढंच करतात, किंवा तेही करत नाहीत. पण स्वतःहून वागणारा सोबती खेळाडूला हवा असतो का? 2005 च्या ‘फिअर’ गेममधले शत्रू एकमेकांशी संगनमत करून घेरतात, अशी त्यांची ख्याती होती. त्या शत्रूंची वागणूक रचणारे जेफ ऑर्किन यांनी पुढे सांगितलं, की त्यातलं बरंच संगनमत नव्हतंच. प्रत्येकजण आपापला आडोसा शोधत होता, आणि त्यांच्या तोंडी घातलेल्या आरोळ्यांमुळे ते ठरवून चाललेत असं वाटत होतं. ‘तो बाजूनं येतोय’ असं ओरडणारा शत्रू हुशार वाटतो. ही गोष्ट म्होरक्यांनाही लागू असावी असा मला संशय आहे: सतत बोलणारा म्होरक्या प्रत्यक्षात असेल त्याहून उपयोगी भासतो.

भाषा, आवाज आणि रेंज

वादाचा हा भाग आपल्या भागाला सर्वांत जवळचा, आणि त्यावर लिहिलं गेलंय सर्वांत कमी.

चांगल्या इशाऱ्यात तीन गोष्टी लागतात: किती, कुठे, काय करतायत. ‘दोघं, नाल्यापलीकडे, डावीकडे सरकतायत.’ ‘अरे तिकडे बघ, तिकडे’ या वाक्यात यातलं काहीच नसतं, आणि प्रत्यक्षात ऐकू येतं ते बहुधा हेच. होकायंत्राचा आकडा सांगायची सवय म्हणून चांगली. ‘तीनशे दहा’ म्हटलं की बोलणारा कुठे उभा आहे ते कळलं तर दिशा पक्की होते. पण आकडा कोणत्या भाषेत? भामरागड तालुक्यात घरात माडिया, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि सीमेकडे तेलुगू अशी परिस्थिती असते. चार मुलं चार गावांची असतील तर ‘तीनशे दहा’ इंग्रजीत सांगितलेलं बरं पडतं आणि ‘मागे हो’ मात्र घरच्या भाषेत आपोआप तोंडातून निघतं. तुकडीनं पाच-सहा शब्द आधीच ठरवून घ्यावेत, मग ते कोणत्याही भाषेतले असोत, यावर दोन्ही पक्षांचं एकमत व्हायला हरकत नाही.

‘एपेक्स लेजंड्स’नं बोलण्याला पर्यायच दिला. एखाद्या जागेकडे पाहून बटण दाबायचं, सोबत्यांच्या पडद्यावर तिथे खूण उमटते आणि पात्र आपणहून सांगतं, इथे शत्रू आहे, इथे हत्यार आहे, इकडे जाऊ. ‘रिपब्लिक कमांडो’तली पाहून सांगण्याची युक्ती संगणकाच्या सोबत्यांकडून माणसांकडे आली. अनोळखी माणसांत, भाषा वेगळी असताना, किंवा घरात कोणी झोपलं असताना ही पद्धत फार सोयीची. तिची मर्यादा अशी, की खूण ‘कुठे’ सांगते, ‘का’ सांगत नाही. ‘आपण हरतोय असं दाखवून त्यांना वर खेचू’ हे खुणेत मावत नाही.

आणि मग रेंज. सेकंदाला सहा मीटर धावणारं पात्र 300 मिलिसेकंदांत जवळजवळ दोन मीटर सरकतं. म्हणजे एवढा उशीर असलेल्या खेळाडूला शत्रू जिथे दिसतो तिथे तो नसतो. त्यानं पुढे राहून झटापट करणं तोट्याचं. त्याला बगल राखायला, दार धरायला, सोबत्याला उचलायला ठेवणं शहाणपणाचं. पण जो मागे राहतो त्याच्याकडे नकाशा पाहायला वेळ असतो, म्हणून म्होरकेपण त्याच्याकडे जावं, आणि त्याचाच आवाज तुटक येतो! हा पेच डोंगराळ आणि जंगली भागातल्या कुठल्याही तुकडीला पडणारच. माझं मत इथे दुसऱ्या पक्षाकडे झुकतं, तेही या एका कारणानं. आवाज तुटल्यावर तुकडीकडे उरतं ते फक्त आधी ठरवलेलं. कोण पडला तर कोण उचलेल, फाटाफूट झाली तर कुठे जमायचं, आणि म्होरक्या गप्प झाला तर किती वेळानं दुसऱ्यानं बोलायला लागायचं: एवढं ठरलेलं असलं तर रेंज आली-गेली तरी निभावतं. सलग रेंज असणाऱ्यांना पहिला पक्ष बरोबर वाटेल, आणि त्यांच्यापुरता तो असेलही.

अनिर्णित

‘इंडस’नं एक नवा पेच आणला आहे. विरलोक नावाच्या कल्पित ग्रहावर ही लढाई होते. या प्रकारच्या गेममध्ये शेवटी उरेल तो जिंकतो, पण इथे दुसरा मार्गही आहे: शेवटच्या टप्प्यात प्रकटणारं ‘कॉस्मियम’ ताब्यात घेऊन राखणं. शेवटपर्यंत लपून राहण्याची जुनी चाल त्यामुळे बिघडते. म्होरक्याला आता नुसतं जगायचं नाही, कधी उघड्यावर यायचं तेही ठरवायचं आहे. कॉस्मियम घेणारी तुकडी एका जागी बांधली जाते आणि तिला घेरणाऱ्या तुकड्या मात्र वेगवेगळ्या असतात, एकमेकींच्या शत्रू. लँचेस्टरच्या सूत्रात तिसऱ्या बाजूला जागा नाही. अशा वेळी आधी घेणं चांगलं की घेणाऱ्यावर दुसऱ्याला तुटून पडू देणं चांगलं, याचे ठोकताळे अजून बनायचे आहेत.

पडद्यावरचं नेतृत्व बाहेर उपयोगी पडतं का, हा जुना प्रश्नही तसाच आहे. अमेरिकी मरीन दलातल्या दोघांनी 1990 च्या दशकाच्या मध्यात ‘डूम 2’ या विज्ञानकथेतल्या गेममधले राक्षस काढून माणसं घातली आणि चौघांच्या गटाला एकमेकांशी बोलत हलण्याचा सराव द्यायचा प्रयोग केला. हेतू नेमबाजीचा नव्हता, बोलण्याचा होता. उत्साही लोक तेव्हापासून त्याचा दाखला देतात. सावध लोक म्हणतात, तिथे पाय दुखत नाहीत आणि मेलेला पुन्हा उठतो. गडचिरोलीत 1990 साली उभ्या राहिलेल्या पोलिसांच्या सी-60 दलाची पथकं त्यांच्या कमांडरच्या नावानं ओळखली जातात, आणि त्यांत स्थानिक मुलं घेतली गेली ती रान आणि बोली जाणणारी म्हणून. तसल्या ओळखीला लागणारी वर्षं कोणत्याही गेममध्ये नसतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी टिकतं, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात: एक बोलण्याच्या सरावाबद्दल, दुसरा विश्वासाबद्दल.

शेवटची अडचण मोजमापाची. गेम संपल्यावर पडद्यावर येतं ते कोणी किती पाडले, किती नुकसान केलं, कितींना उचललं. कोणी वेळेवर ‘थांबा’ म्हटलं आणि म्हणून चकमक झालीच नाही, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. म्होरक्याचं सर्वांत चांगलं काम घडलेल्या गोष्टींत नसून टळलेल्या गोष्टींत असेल, तर हाती असलेल्या आकड्यांवरून दोन्ही पक्षांपैकी कोणाचंच म्हणणं सिद्ध करता येणार नाही. तुकड्यांचं बोलणं चाल-चालीशी जोडून साठवलं गेलं आणि हरलेल्या तुकड्यांचंही तपासलं गेलं, तरच या वादात मतांपलीकडचं काही बोलता येईल.